भंडारीचाचांचा युरोप

कुठल्याही शहराचं नाव काढा, भंडारीचाचा आधी तिथलं बंदर सांगायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. वीस वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. नंतर दुबईच्या बर दुबई भागात छोटी खाणावळ चालवायचे. आम्हीही दुबईतच राहायचो. बाबा लग्नाआधी चाचांकडेच जेवायचे, त्यामुळे चाचा आमच्या घरचेच.

कॉलेजच्या सुट्टीत मी पाठीवर सॅक टाकून एकटीच युरोपला जाते म्हणाले, तेव्हा आईनं साफ नकार दिला. चाचा आमच्याकडे जेवायला होते. "वहिनी, जाऊ दे तिला. ती सगळी शहरं माझ्या पायाखालची. रस्ता मी सांगतो." चाचांचा शब्द म्हणजे आईला काळ्या दगडावरची रेघ. मला परवानगी मिळाली.

मग त्यांनी खाणावळीत बसवून मला वही भरायला लावली. "अगो बाय, जिनोआला बंदराच्या गेटातून बाहेर पड, डावीकडे वळ, शंभर पावलांवर टेलिफोन. खलास! यल्ला, चल, पुढचं लिही." वर सुकटीच्या चटणीचा डबा दिला. युरोपात पोचल्यावर हॉस्टेलच्या खोलीत आम्ही आठ जणी. मी डबा उघडला आणि सात जणी खिडकीकडे धावल्या. तिसऱ्या दिवशी त्याच मुली पावाला लावायला चटणी मागत होत्या.

जिनोआत वही काढली. गेट सापडलं, डावं वळणही. टेलिफोन केव्हाच गेला होता. पुढं काय? पान उलटलं, तर मार्सेय: गेट, वळण, टेलिफोन. मग रॉटरडॅम, तेच. लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. भंडाऱ्याला बोटीवरून सुटका मिळणार दोन जेवणांच्या मधे. तेवढ्यात त्यानं घरी फोन लावायचा की शहर बघायचं? मला भर रस्त्यात रडू आलं. मग डोळे पुसून मी मनसोक्त भटकले.

परतल्यावर आईनं चाचांसमोरच विचारलं, "यांनी सांगितलं तसंच होतं ना?" मी खरं बोलले असते तर त्यांच्या शब्दाची किंमत गेली असती.

"अगदी तस्संच," मी म्हणाले.

"नाय वहिनी," चाचाच म्हणाले, "गेटाजवळच्या टेलिफोनापुढचं मी कायपण बघितलेलं नाय. पोरीला जायला मिळावं म्हणून बोललो."

"आणि मी इथं निर्धास्त झोपत होते!" आईनं कपाळावर हात मारला आणि मग आम्हाला हसू आवरेना. त्या संध्याकाळी चाचांनी माझ्याकडून एकेक गल्ली वदवून घेतली.

गेल्या वर्षी चाचा खाणावळ बंद करून कायमचे गावी गेले. मी भेटायला गेले, तर ओट्यावर चार शेजारी जमवून जिनोआचं वर्णन चाललेलं. मी सांगितलं त्यात पदरचं बरंच घातलेलं. एकानं विचारलं, "चाचा, तुम्ही एवढं फिरलात?"

"मी कुठला? आमची पोरगी फिरली," ते ताठ बसून म्हणाले.