चेरीला लावलेलं नख

फूल खरं की प्लास्टिकचं हे बघायला मी एकदा जपानला क्योतोत चेरीच्या पाकळीत चक्क नख खुपसलं होतं. काल सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आमच्या घरी नातीने अंगणातल्या चेरीवर दिव्यांची माळ सोडली आणि ते आठवलं.

दोन वर्षांत परत येते, असं ह्यांच्या शब्दावर आईला सांगून मी त्यांच्याबरोबर सिडनीला निघाले होते. वाटेत हा मुक्काम. रात्री दिव्यांत झाडं गुलाबी उजळलेली, वास मात्र शून्य! भेंडीसुद्धा टोक मोडून घेणारी मी, म्हटलं, गंडवतायत. कधी गजरा न आणणारा नवरा अचानक फुलं का दाखवतोय, हा संशय मात्र शहाणीला आला नाही.

बागेचा पहारेकरी ओरडला. हे कमरेत वाकून त्याची माफी मागून आले आणि मला म्हणाले, "फुलं खरी आहेत गं. दोन वर्षांचं तेवढं मी खोटं बोललो."