बदलीचे कारण : पाचारण

विषय : देवाचे पाचारण ओळखणे व त्याप्रमाणे वागणे.
संदर्भ : सुशीलाबाईंचा बदलीचा अर्ज.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मी सरकारी कारकून म्हणून निवृत्त झालो, तरी टेबल काही रिकामं झालं नाही. फायली गेल्या, किस्से आले. दर बुधवारी वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत एखाद्या क्वार्टरमध्ये आमच्या ख्रिस्ती मंडळीची प्रार्थना असते. प्रार्थना अर्धा तास, चहा दीड तास. किस्से चहात जमतात. फाईलला निदान वाळवी तरी लागते, किस्स्यांना तीही लागत नाही!

*

पहिला माझाच. विशीत असताना उपासनेत उभं राहून मी जाहीर केलं, "देव मला सुवार्तेसाठी बोलावतो आहे!"

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "जाजो ना. आधी परमनंट तं हो!"

परमनंट झालो. मग बढती, मुलींची लग्नं, पेन्शन. मधल्या काळात देवाने स्मरणपत्रं पाठवली असतील. मी आवक नोंद केली नाही, इतकंच.

*

मनोहरभाऊ वीज केंद्रात फोरमन. त्यांना दर दोन वर्षांनी पाचारण होतं. एकदा पुण्याला, एकदा नागपूरला, एकदा तर गोव्याला, तेही डिसेंबरात!

सुशीलाबाईंनी भर चहात विचारलं, "भाऊ, तुमच्या देवाले सिरोंचा ठाऊक नाई का?"

"तिकडून अजून आवाज आला नाई, बाई."

"येईन कसा? तिकडं टॉवर कुठी आहे!"

*

या सुशीलाबाई चंद्रपूरच्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिका. नवरा वारला, मुलगी पुण्यात, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. गेल्या पावसाळ्यात महिनाभर त्यांना गडचिरोली जिल्ह्यात, सूरजागडच्या पलीकडे, जंगलातल्या एका उपकेंद्रात पाठवलं होतं. तिथलं नर्सचं पद कित्येक वर्षं रिकामं. नाला भरला की रस्ता बंद.

चौथ्या दिवशी चार माणसांनी एका बाईला बाजेवर घालून नाल्यातून आणलं. बाळ आणि आई दोघं वाचली. महिना संपून सुशीलाबाई निघाल्या, तेव्हा त्या बाळंतिणीने गोंडीत काहीतरी विचारलं. गावच्या आशाताईने अर्थ सांगितला, "ती म्हणते, पुढच्या बाईच्या वेळी तू राहशीन का?"

सुशीलाबाई चंद्रपूरला उतरल्या त्या थेट माझ्या दारात. "भाऊ, अर्ज लिहून द्या. मले तिथंच जायचं आहे."

*

मंडळीत खळबळ! मनोहरभाऊ म्हणाले, "गडचिरोलीतून निघासाठी लोक मंत्र्यापर्यंत जातात. तुम्ही काऊन उलट्या चालल्या?"

"म्हणून तं जागा खाली आहे ना, भाऊ."

पाळकसाहेबांनी पाचारणाची रीतसर तपासणी सुरू केली. "दर्शन झालं का?"

"नाई."

"आवाज ऐकला?"

"ऐकला."

"कुठून आला?"

"बाजेवरून."

साहेबांनी चष्मा पुसला. "पुढच्या बैठकीत विचार करू."

"करा. पण तिथल्या बाया बैठकीची तारीख पाहून बाळंत नाई होत!"

*

अर्जातला नववा रकाना, बदलीचे कारण. बाईंनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं : देवाचे पाचारण. माझ्या जुन्या, आरोग्य खात्याच्या ऑफिसात टेबलावर उईके, माझ्याच हाताखाली शिकलेला.

"कोणाशी भांडण झालं का, बाई?"

"नाई."

"मग वैद्यकीय कारण लिहा ना."

"आजारी मी नाई, तिथले आहेत."

"पती-पत्नी एकत्रीकरण?"

"नवरा वर गेला. तिकडची बदली तुमच्या हातात नाई!"

पंधरा दिवसांनी अर्ज शेरा घेऊन परत आला : रकाना नऊमधील कारणाच्या पुष्ट्यर्थ पुरावा जोडावा. अर्ज बुडवायला हा शेरा अचूक होता. मीच तो उईकेला शिकवला होता.

मी म्हणालो, "बाई, 'स्वेच्छेने' लिहू. कोणी पुरावा मागणार नाही."

"खोटं काऊन लिहू? इच्छा माही असती, तं मी पोरीकडं पुण्याले गेली असती. कारण बदलत नाई, जा!"

*

बाई रजा टाकून त्या उपकेंद्राकडे जाणाऱ्या एटापल्लीच्या गाडीत बसल्या. आठ दिवसांनी परतल्या आणि मला घेऊन उईकेसमोर उभ्या राहिल्या. बाजेवरच्या बाईची सगळी हकीकत सांगून टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर निळ्या शाईचा एकच अंगठा. खाली आशाताईच्या अक्षरात दोन शब्द : "मी बोलावले."

उईकेने कागद उलटून पाहिला. "बाई, अर्जात तुम्ही देव लिहिला. अंगठा तं त्या बाजेवरच्या बाईचा आहे!"

"हो. लावा फाईलले."

उईकेने माझ्याकडे पाहिलं, सुटका करा अशा नजरेने. तीस वर्षं मी त्याच खुर्चीवरून लोकांकडे पाहत आलो होतो.

"शिक्का मार, उईके," मी म्हणालो.

त्याने मारला. कागद पुरावा म्हणून जोडला, आवक क्रमांक टाकला.

अर्ज प्रलंबित आहे.