बारीक टायरांवर सिस्सूपर्यंत

विलासचं वर्षश्राद्ध झालं आणि पंधरा दिवसांनी मी गॅलरीतल्या टायरांवरची चादर काढली.

विलास माझा नवरा. औरंगाबादजवळच्या वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. त्याला बर्फ बघायचा होता. पडलेला नाही, पडताना. पडलेला काय, फ्रीजमध्येपण दिसतो, असं तो म्हणायचा. त्यासाठी त्याने हिवाळी टायर मागवले होते. ते घरी आले आणि नऊ दिवसांनी तो गेला. झोपेतच.

ते टायर आमच्या गाडीच्या मापाचे नव्हते. गाडीला सोळा इंची चाकं आहेत, टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. विलासने आणले ते पंधरा इंची, रुंदी १९५. आमच्याच गाडीच्या स्वस्त मॉडेलला पंधराची रिम येते, म्हणून त्याने तशा चार लोखंडी रिम जुन्या बाजारातून शोधल्या आणि टायर दिल्लीहून ट्रान्सपोर्टने मागवले. सगळा हिशोब एका कागदावर लिहून ठेवला होता. गाडी दीड सेंटिमीटर खाली बसेल. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवेल. चारही चाकं एकदम बदलायची, दोन कधीच नाही. हवा २८ पाउंड.

तेराव्याला आलेल्यांपैकी तिघांनी ते टायर पाहिले. माझा भाऊ हळूच म्हणाला, "ताई, नंबर चुकलाय गं त्यांचा. परत घेतात का बघू." कारखान्यातले मित्रही तेच म्हणाले, आणि तेही हळूच. माणूस गेल्यावर त्याच्या चुकीबद्दल लोक असंच बोलतात. पण वर्षभर कपडे वाळत घालताना ती चादर दिसायची आणि वाटायचं, त्याने शेवटचं एवढं नीट बसून केलेलं काम खरंच चुकलं होतं का? मी मनालीकडे गेले ते एवढंच बघायला.

सोबत माझी नणंद सुनीता. शाळेत शिकवते, गाडी माझ्यापेक्षा बरी चालवते आणि गप्प बसत नाही. माझ्यासारख्या बाईला प्रवासात असं माणूस लागतं.

आधी टायर बसतात का ते पाहायला छावणीत सलीमभाईंकडे गेलो. विलास गाडीचं सगळं त्यांच्याकडेच करायचा. सलीमभाईंनी टायर उभा केला, फिरवला, परत ठेवला.

"भाभी, ये तो उलटा काम है. लोग मेरे पास चौडा करने को आते, तुम बारीक करने को आए."

"बसेल का?"

"बैठेगा. पर दिखेगा कैसा? पैलवानाला लहान पोराची चप्पल घातल्यासारखं."

सुनीता हसली. मला त्यांचा राग आला नाही, कारण बोलता बोलता त्यांनी जॅक लावलाही होता. रिम चढवली, चाक हाताने फिरवलं आणि रिम आणि ब्रेकच्या मधल्या फटीत करंगळी घालून पाहिली. करंगळी आरामात फिरली. मग छावणीतून एक चक्कर मारली. कुठे घासलं नाही.

"हवा भाईने २८ लिहिलीय ना? मैं भी वोइच भरता," ते म्हणाले. "आपल्याकडं दोन-चार पाउंड कमीच पाहिजे. दुपारी डांबर तापलं की हवा फुगती."

भर उन्हात त्यांनी २८ भरली, चाकं काढली आणि जुनी परत लावली. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, आपल्या गरम रस्त्यावर ते झिजून जातं. तुम्ही कधी जाणार असाल तर टायर गाडीत घालून न्या आणि बर्फाच्या जवळ जाऊन बदला. मागची सीट पाडली की चार चाकं मावतात. सामान मात्र मावत नाही.

निघताना सासूबाई चाकांकडे बघत उभ्या होत्या. त्यांचं लहानपण कन्नडकडच्या डोंगरात मेंढरांमागं गेलं. सलीमभाई काय म्हणाले ते सुनीताने त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्येला काय कळतंय? म्हैस चिखलात रुतून बसती, शेळी नाय. खूर बारीकच पायजे." आणि चाकांच्या वर त्यांनी स्वतःची घोंगडी टाकली. वर्षभरात टायरांच्या बाजूने बोललेलं हे पहिलं माणूस.

पहिल्या दिवशी कन्नडचा घाट, धुळे, सेंधवा आणि इंदूर. पहाटे निघालो तर घाटात उन्हं येतात. रस्ता सगळा चांगला आहे. सेंधव्याच्या पुढे पोहे आणि गरम जिलबी खाल्ली. सुनीता म्हणाली, "वहिनी, दादानं ही जिलबी कागदावर लिहिली नाही, बघ." दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेर. एवढा सपाट, सरळ रस्ता मी कधी पाहिला नव्हता. मोहरीची शेतं दोन्ही बाजूंनी तासन् तास चालत होती. मी खिडकीला डोकं लावून बसले होते. किती वेळ जागी होते आणि किती वेळ झोपेत, हे मला आजही सांगता येणार नाही. पिवळं मात्र दोन्हीकडे होतं.

तिसऱ्या दिवशी आग्र्यापासून धुकं. जानेवारीत जाणार असाल तर दहाच्या आधी निघूच नका. आम्ही निघालो आणि समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यांमागे चाळीसच्या वेगाने चालत राहिलो. झाडं अर्धीच दिसत होती. एक माणूस सायकलवर उसाची मोळी घेऊन धुक्यातून आला आणि धुक्यातच गेला. गाडीत कुणी बोलत नव्हतं, सुनीतासुद्धा. मागे चाकं होती, त्यांच्यावर घोंगडी होती. तिचा लोकरीचा वास गाडीत भरून राहिला होता. आम्ही तिघं चाललोय, असं मला त्या धुक्यात बराच वेळ वाटत होतं. मुक्काम अंबाल्याला. चौथ्या दिवशी मंडीवरून मनाली. बियास नदी उजवीकडून डावीकडे, परत उजवीकडे. तिचं पाणी हिरवं काचेसारखं दिसतं.

मनालीत एका मेकॅनिकचं टिनाचं शेड मिळालं. देवीराम नाव, साठीच्या पुढचे, कानटोपी घातलेले. त्यांनी मागचं दार उघडलं, घोंगडी बाजूला केली आणि टायरच्या बाजूवरचा नंबर बोट फिरवत वाचला. मी बाजूला उभी होते. खरं सांगायचं तर दहावीच्या निकालाला उभी राहिले होते तशी.

"ये किसने चुने?"

"मेरे पति ने."

"सही चुने. यहाँ तो लोग मैदान से चौड़े-चौड़े टायर पहन के आ जाते हैं और फिर हम निकालते फिरते हैं. चौड़ा टायर बर्फ पे तैरता है, बहनजी. पतला काट के नीचे सड़क पकड़ता है."

"फिर से बोलिए."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यासारखंच, जरा सावकाश, परत सांगितलं. सुनीता दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

तासाभरात चारही चाकं बदलली. जुनी चाकं त्यांच्याकडेच ठेवली, परतताना घ्यायची. फिटिंगचे पैसे आपल्याकडच्याइतकेच. पन्नास किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्या, असं त्यांनी सांगितलं. तुम्हीही लक्षात ठेवा. शेवटी ते हवेचं मीटर घेऊन खाली बसायला लागले तेव्हा मी म्हणाले, "हवा भरलेली आहे. २८."

"देख तो लूँ?"

"नहीं. उन्होंने लिखा है."

सुनीताने माझा हात धरला. मी ऐकलं नाही. नुकतंच कुणीतरी विलासला बरोबर म्हटलं होतं. त्याच्या कागदातला एकही आकडा मला त्या दिवशी कुणाच्या हातात द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सोलंगच्या पुढे सोडलं नाही, वर बर्फ जास्त होता. त्याच्या पुढच्या दिवशी डिकीतल्या, बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या दाखवल्यावर सोडलं. साखळ्या जवळ ठेवाच. मग बोगदा. नऊ किलोमीटर, पिवळे दिवे, गरम, कोरडा. आपण कुठे आहोत हे विसरायला होतं. आणि पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलो तर बर्फ पडत होता.

मला वाटलं होतं, पावसासारखा आवाज येईल. काहीच आवाज नव्हता. डोंगर नव्हते, नदी नव्हती, फक्त वरून काहीतरी उतरत होतं, घाई न करता. काही कण काचेपर्यंत येऊन परत वर जात होते. सुनीताने खिडकी उघडून हात बाहेर काढला आणि तसाच ठेवला. मी अगदी हळू चालवत होते. टायर नीट धरून चालले होते. मी मनात म्हटलं, बघ, पडतोय.

सिस्सू गावाच्या अलीकडे एक उतरतं वळण आहे. तिथे मी ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग सावकाश डावीकडे निघालं. सावकाशच, जणू कुणीतरी हाताला धरून बाजूला नेतंय. कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन गाडी टेकली. कुणाला काही झालं नाही. सुनीताचा हात अजून खिडकीबाहेरच होता.

मागून एक टॅक्सी आली. चालक तिथलाच, टशी नावाचा. त्याने फावडं काढलं, चाकांकडे पाहिलं. "टायर तो बढ़िया है," असं म्हणत त्याने मागच्या चाकावर लाथ मारली आणि थांबला. मीटर लावलं.

"तेईस! हवा किसने भरी?"

"हमारे शहर में. अट्ठाईस थी."

"कौन सा शहर?"

"औरंगाबाद."

"वहाँ बर्फ गिरती है?"

"नहीं."

"हाँ, तो." तो बर्फ उपसायला लागला. "गरमी में भरोगे, ठंड में बैठ जाएगी. इतने ढीले टायर पे पतले का क्या फ़ायदा, फैल के चौड़ा ही हो गया ना? तैंतीस डालो, आंटी."

त्याच्याकडे छोटा पंप होता. तो घरघरत होता आणि मी बर्फात उभी होते. मला राग आला. टशीचा नाही, माझाही नाही.

"थंडीत हवा आकसते, एवढं कळलं नाही तुला?" मी मोठ्याने म्हणाले. मराठीत, समोरच्या पांढऱ्याकडे बघून. "मेंटेनन्सला होतास ना? अख्खा कागद भरून लिहिलंस, आणि हवा छावणीची? दरीत गेलो असतो आम्ही! आणि तू सांगायलासुद्धा नाहीस. गेलास निघून."

वर्षभर मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. फोटोसमोर लोक बोलतात, मला ते जमत नाही. आता थांबता येईना. बॅटरीवाल्याला परत न केलेल्या पावतीचं काढलं, शेवटच्या रात्री छातीत जळजळतंय म्हणून नुसता सोडा प्यायला ते काढलं. "उठवायचं होतंस मला," म्हणाले. टशी फावडं धरून खाली बघत उभा होता. त्याला शब्द कळले नसतील.

मग सुनीता म्हणाली, "वहिनी, त्याला तर उणे बारामध्ये स्वेटर घालायचंपण कळलं नसतं." आणि आम्ही दोघी त्या वळणावर हसायला लागलो. केसांवर बर्फ साठत होता आणि आम्ही हसत होतो.

तेहतीस भरल्यावर गाडी त्याच ढिगातून पहिल्याच झटक्यात बाहेर आली. सिस्सूपर्यंत एकदाही घसरली नाही. तिथे एका घरगुती मुक्कामी तंदूरच्या, म्हणजे खोलीतल्या लोखंडी शेगडीच्या, उबेत दोन दिवस राहिलो, थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, खाल्ला आणि खिडकीतून पडणारा बर्फ पाहिला. तेवढंच केलं. वेळ कसा गेला विचाराल तर तो गेलाच नाही, तिथेच बसून होता.

परतीचं फारसं सांगण्यासारखं नाही. मनालीत टायर बदलले, धुकं विरळ होतं, इंदुरात सुनीताने घरच्यांसाठी शेव घेतली. टायर आता परत गॅलरीत आहेत, चादर घातलेली नाही. कुणाकडे त्याच मॉडेलची गाडी असेल आणि जायचं असेल तर कळवा, घेऊन जा. हवा मात्र तिकडे पोचल्यावर, थंड टायरमध्ये भरा.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारात होत्या. चहासुद्धा न विचारता म्हणाल्या, "काय झालं? बरोबर व्हतं का त्याचं?"

सुनीता माझ्याकडे बघायला लागली. मी चप्पल काढली.

"टायर बरोबर होते, आई. सगळे तिकडचे तेच म्हणाले. पण हवेत चुकला तो. पार घसरलो आम्ही."

त्यांनी एक बोट वर केलं.

"एकच चूक?"

"एकच."

"मंग सुधारला म्हणायचा," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून, पदर सावरून, तो सात वर्षांचा असताना विहिरीवरच्या मोटारीला काय करून बसला होता ते सांगायला लागल्या. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याबद्दल काही सांगितलं. अंधार पडेपर्यंत त्या एकेक चूक सांगत होत्या, आणि मी विचारत होते, अजून, आई?