गवत कोंबलेली घंटा

कुरेशाआत्याच्या गाईंच्या गळ्यात आज एकही घंटा नाही. आमच्या इजारा मुलखातल्या काटेरी झुडपांत बिनघंटेच्या गाई शोधत सत्तरीची बाई वणवण फिरते, आणि लोक हसतात. हसोत मेले! त्यांचं काय जातंय?

तिचा नवरा शुरिये लाकडी घंटा कोरायचा. घरचं म्हणून ठरलं त्या जनावराच्या गळ्यात त्याची घंटा पडायचीच. तो गेला तेव्हा एकच नवी उरली होती. ती कुरेशानं कुठल्याही कालवडीला बांधली नाही.

मग तो दुष्काळ आला. सिंहानं मारलेल्या अरावलाच्या मादीपाशी तिला पाडस सापडलं. अरावला म्हणजे डोळ्यांना पांढरा चष्मा लावल्यासारखं दिसणारं हरिण. ते चरतं तिथं गाई सुखानं नांदतात, असं आमच्यात मानतात. आता साऱ्या मुलखात उरलेत किती? थोडकेच. कुरेशानं आपल्या वाटचं दूध त्या पाडसाला पाजलं. स्वतः काळा चहा पिऊन राहिली. आणि एके सकाळी शुरियेची ती शेवटची घंटा तिनं पाडसाच्या गळ्यात बांधली.

तिचा भाचा गुलेद अरावलांच्या राखणीवर होता. वर्षभरानं तो म्हणाला, "आत्या, कळप पाण्यावर आलाय. तुझ्या या हरणाच्या पोरीला आता तिच्या माणसांत जाऊ दे. पण घंटा काढ हं, बिचकतील."

"मला शिकवतोस? शेंबूड पुसलाय मी तुझा!"

"काढलीस ना पण?"

"काढली रे बाबा, काढली!"

काढली नव्हती. वासरू गुपचूप न्यायचं असलं की आम्ही घंटेत गवत कोंबतो, म्हणजे वाजत नाही. तिनं तेच केलं, आणि वर मानेवरचे केस सारखे केले. उद्या कळपात ही आपली म्हणून ओळखू कशी, एवढंच तिच्या मनात होतं.

कळपात अकरा अरावला होते. एक म्हातारी मादी पुढं आली. तिनं पोरीचं नाक हुंगलं, मान हुंगली आणि शांतपणे चरू लागली. "घेतलं गं बाई, घेतलं!" कुरेशाला रडू फुटलं.

पोरीनं आनंदानं उडी मारली. दुसरी मारली. गवत गळून पडलं.

खडखडाट झाला आणि कळप उधळला. पोर त्यांच्यामागे धावली. ती जितकी धावे तितकी घंटा वाजे, आणि जितकी घंटा वाजे तितके ते पळत.

तिसऱ्या दिवशी ती सापडली. अंगावर एक ओरखडाही नव्हता. धावून धावून ऊर फुटला होता.

"आत्या, तू म्हणालीस काढली," गुलेद एवढंच बोलला.

त्याच दिवशी तिनं सगळ्या गाईंच्या घंटा उतरवल्या.

तीन वर्षं कळप या अंगाला फिरकला नाही. यंदा पाऊस झाल्यावर एका सकाळी तो आला, आणि तिच्या मुक्या गाईंत मिसळून चरू लागला. कुरेशा झुडपाआड बसली होती. तिला खोकल्याची उबळ आली. तिनं ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला, आणि कळप पोटभर चरून निघून जाईपर्यंत काढला नाही.