टरफलातली पाल

पालीला अंड्याच्या टरफलाचा वास सहन होत नाही, असं मोबाइलवरच्या एका बाईंनी सांगितलं. हे त्यांनी मला सांगितलं, पालीला सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

मला घरगुती उपायांचा नाद आहे. (आमचे हे त्याला नाद म्हणत नाहीत, रोग म्हणतात.) फुकटात होणाऱ्या कामाला पैसे मोजायचे म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. लिंबाच्या सालीने मी नळ घासते, डाळीच्या डब्यात सुक्या मिरच्या पुरते. मुंग्या येऊ नयेत म्हणून साखरेत चार लवंगा टाकाव्यात असं ऐकलं, तेव्हा चारने होतंय तर मूठभर टाकल्यावर किती होईल, असा विचार मी केला. मुंग्या गेल्या, पण आमच्याकडचा चहा प्यायला की पाहुण्यांची जीभ थोडा वेळ बधिर होते. सासरे गेल्यावर त्यांच्या सगळ्या जुन्या शर्टांच्या मी बाजाराच्या पिशव्या शिवल्या. बाह्यांचे बंद फार छान होतात. त्या पिशव्या बघून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कशाने आलं ते मी विचारलं नाही.

तर गोष्ट माझ्या नणंदेच्या, रेश्माच्या लग्नाची. ती आसनगावजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिथेच मुरबाडकडचा नीलेश कामाला आहे. दोघांचं आपसात केव्हाच ठरलं होतं, फक्त घरच्यांनी ठरवायचं बाकी होतं. पोरगा सरळ, निर्व्यसनी, घरची भातशेती. अडचण एकच होती, ती म्हणजे त्यांच्या घरात माळ. गळ्यात तुळशीची माळ असलेलं घर, मांसमच्छीला शिवायचं नाही, अंड्याचं तर नाव काढलं तरी चूळ भरतात. आणि आमचं घर कसं, तर पावसात शेताच्या बांधावर खेकडा दिसला की भाताची लावणी सोडून त्याच्यामागे धावणारं!

पण रेश्माने सगळं सोडलं. सुकटीची चटणी तिचा जीव की प्राण, तीसुद्धा सोडली. तिच्यासाठी आम्हीही घरात काही आणेनासे झालो. (हे स्टेशनजवळ जाऊन ऑम्लेट खाऊन यायचे आणि मिशीला लागलेला कांदा मला दाखवून पुरावा द्यायचे.) नीलेश वडिलांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. वडील नाही म्हणाले की विषय संपला. पाहुणे बघायला यायच्या आदल्या दिवशी रेश्मा मला म्हणाली, "वयनी, ह्ये नाय जमलं तं मी दुसऱ्या कुनाच्या पुढं पोह्यांचा ट्रे घेऊन येनार नाय." आणि ती रडली. मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी आहे ना. तिने लगेच रडणं थांबवलं आणि माझ्याकडे भीतीने बघितलं.

तिचं चुकलं नाही. आमच्या नव्या बांधलेल्या पुढच्या खोलीत ट्यूबलाइटच्या मागे एक पाल राहते. घरातल्या कोणाहीपेक्षा अंगाने भरलेली. रेश्माला पालीची इतकी भीती, की पाल दिसली की तिच्या हातातलं जे असेल ते सुटतं. नेमका पाहुण्यांसमोर ट्रे सुटला तर? म्हणून मी मोबाइल उघडला, आणि त्या बाई भेटल्या. दिव्यामागे, घड्याळामागे, फोटोमागे अंड्याची टरफलं ठेवा, पाल घर सोडून जाईल.

घरात अंडं येत नव्हतं, पण टरफलं तर हवी होती. मी बसस्टँडजवळच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर गेले. टरफलं फुकट मिळतील का, असं विचारलं. "किती पायजेत?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळी. त्याने माझ्याकडे फार दयेने बघितलं आणि पिशवी भरून दिली. (पिशवी सासऱ्यांच्या चौकटीच्या शर्टाची.) सासूबाई शेजारी गेल्या होत्या तेवढ्यात मी खोलीभर टरफलं लपवली, हात धुतले आणि समाधानाने दुसऱ्या उपायाकडे वळले.

दुसरा उपाय पांढरे कपडे लख्ख करण्याचा होता. ह्यांचे सगळे चांगले शर्ट मी टपात भिजवले. लिंबू, खायचा सोडा, नीळ, आणि माझ्या मनाने थोडं थोडं इतर सगळं. त्यात सासूबाईंचं लाल पोलकं कधी पडलं ते कळलं नाही. सकाळी सगळे शर्ट एका रंगाचे झाले होते, रताळ्याच्या सालीच्या. ह्यांच्या अंगात होता तेवढा एक शर्ट वाचला. त्याशिवाय खुंटीवर क्रिकेटची जर्सी होती. आमच्या गावच्या टीमला जर्सी एका चिकन सेंटरवाल्याने दिल्या आहेत. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'चिकन सेंटर' आणि त्याखाली हसणारा कोंबडा. (त्या कोंबड्याला कशाचं हसू येतं, हे मला आजवर कळलेलं नाही.)

रविवारी पाहुणे मुरबाडहून जीप करून आले. नीलेश, त्याचे वडील, ज्यांना सगळे बुवा म्हणतात, आणि बुवांची थोरली बहीण. तिला आम्ही आत्याबाई म्हणू लागलो. नीलेशच्या आईचे गुडघे दुखत होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. मध्यस्थी आमच्या ह्यांच्या मामांनी केली होती. मामांना मध्यस्थीचा फार उत्साह, आणि उत्साहात त्यांच्या जिभेला ब्रेक राहत नाही. उंबरठ्यातच ते म्हणाले, "बुवा, सांगून ठेवतो, ह्या घरात तुमाला अंड्याचं टरफलसुदीक सापडायचं नाय."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला.

मी खोलीकडे बघितलं. बुवा ट्यूबलाइटखाली बसले. आत्याबाई घड्याळाखाली बसल्या. नीलेश देवाच्या फोटोखाली. एकही पाहुणा असा नव्हता, ज्याच्या डोक्यावर टरफल नव्हतं.

रेश्मा पोह्यांच्या बशा देऊन आत गेली. बुवांनी टोपी काढून वारा घेतला आणि पंखा लावायला सांगितलं. मी म्हटलं पंखा बिघडलाय. सासूबाई आतून म्हणाल्या, काल तर चालत होता, आणि येऊन बटण दाबलं. पंखा काय, विमानासारखा फिरला. घड्याळामागून एक टरफल टपकन आत्याबाईंच्या पोह्यांच्या बशीत पडलं.

मी झडप घालून ते उचललं आणि मुठीत धरलं. "रंगाचा पोपडा हाय तो," मी म्हटलं.

इथे माझी चूक झाली. कारण बुवा जन्मभर गवंडीकाम केलेले. नुसतं वर बघून स्लॅब कोणत्या उन्हाळ्यात टाकला ते सांगणारे. पोपडा म्हटल्यावर ते पोहे विसरले. नव्या खोलीचा पोपडा निघतो म्हणजे आत ओल आहे, उद्या पोरगी माहेरपणाला आली आणि स्लॅब डोक्यावर आला तर, असं म्हणत त्यांनी स्टूल मागितलं. मी म्हटलं, राहू द्या. हे म्हणाले, राहू द्या. मामा मात्र स्टूल घेऊन आले आणि स्वतः धरून उभे राहिले. "बघा बघा, आमच्याकडं लपवायला काय नाय."

बुवा वर चढले. त्यांनी भिंत चाचपली, छत ठोकलं, आणि मग ट्यूबलाइटच्या पट्टीमागे हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात अर्धं टरफल होतं आणि टरफलात पाल होती. जिला हाकलण्यासाठी मी ते ठेवलं होतं, ती त्यात शेपूट बाहेर काढून आरामात पहुडली होती. बुवांनी पालीकडे बघितलं, पालीने बुवांकडे बघितलं, आणि तिने बुवांच्या उजव्या खांद्यावर उडी मारली. बुवांनी मामांच्या अंगावर मारली.

सगळे उठून बसले तेव्हा पाल भिंतीवर होती आणि टरफल बुवांच्या हातात.

"ह्ये काय?" बुवांनी विचारलं.

मामांनी टरफल असं निरखलं, जणू जन्मात पहिल्यांदा बघत होते. "चुनखडी असंल," ते म्हणाले.

मग मी सगळं सांगून टाकलं. मोबाइलवरच्या बाई, भुर्जीची गाडी, पिशवी. बुवा टरफल बोटांत फिरवत ऐकत होते.

"म्हंजी घरात अंडं नाय, निस्ती टरफलं हायत," ते म्हणाले.

"हो."

"मंग अंडी कुनी खाल्ली?"

"गिऱ्हाइकांनी."

नीलेश खाली मान घालून बसला. बुवांनी टोपी उचलली. टोपी उचलणं म्हणजे काय, हे रेश्माला दारातूनच कळलं. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, ट्रे खाली ठेवला आणि सरळ बुवांकडे बघून बोलली.

"बाबा, मी सोडलंय. पयलं ह्यांच्यासाठी सोडलं, आता माझं मलाच नको वाटतं. टरफलं वयनीची हायत, शब्द माझा हाय."

आणि भिंतीवरून पाल चुकचुकली.

आता आमच्याकडे कोणी काही बोललं आणि त्यावर पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं. आत्याबाईंनी लगेच वाकून जमिनीवर बोट वाजवलं आणि म्हणाल्या, "खरं हाय, खरं हाय." सासूबाईंनी बोट वाजवलं. सवयीने बुवांनीही वाजवलं, आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. मी तर दोन्ही हातांनी वाजवलं.

"दामू, कंच्या खांद्यावर पडली रे?" आत्याबाईंनी भावाला विचारलं.

"उजव्या."

"बाप्याच्या उजव्या अंगावर पडली तं चांगलं असतं. बस खाली. नाय, बसू नको. पयली आंघोळ कर."

पाल अंगावर पडली की आंघोळ आलीच, तीही कपड्यांसकट. बुवा ओलेचिंब झाले आणि आता त्यांना कपडे हवे झाले. धोतर सासऱ्यांच्या ट्रंकेत निघालं. शर्ट? सासऱ्यांच्या शर्टांच्या पिशव्या झालेल्या, ह्यांच्या शर्टांची रताळी झालेली. ह्यांनी अंगातला शर्ट काढून दिला, तो बुवांच्या दंडातच अडकला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खुंटीकडे बघितलं.

बुवा जर्सी घालून बाहेर आले. पुढून साधी निळी होती, त्यांना काही कळलं नाही. ह्यांनी त्यांना पाठ भिंतीला लावून बसवण्यासाठी खुर्चीही सरकवली. पण माळकरी माणूस आंघोळ करून आला की आधी काय करतो? बुवा वळले आणि देवाच्या फोटोला हात जोडून उभे राहिले. आणि आमच्या सगळ्यांसमोर ती पाठ आली.

आत्याबाईंना वाचता येत नाही. पण चित्र कळतं.

"दामू," त्या म्हणाल्या, "तुज्या पाठीवर कोंबडा हासतोय."

नीलेशने त्यांना वाचून दाखवलं. त्याने आवाज फार गंभीर ठेवला होता, पण 'सेंटर'पर्यंत पोचता पोचता तो फुटला. मग आत्याबाई पदर तोंडात कोंबून हसल्या, सासूबाई हसल्या, रेश्मा हसता हसता रडायला लागली. बुवा मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करत होते. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला, आणि ते इतके हसले की गळ्यातली माळ नाचायला लागली.

"आता नाय म्हनलो तं गावात काय सांगू?" ते म्हणाले. "व्याह्यांनी घातली म्हनलं तं निदान मस्करी तरी होते. आना, साखर आना."

मी साखर आणली. आत्याबाईंच्या तोंडात लवंग आली. मी जीव मुठीत धरून बघत होते. त्यांनी ती चावली आणि म्हणाल्या, "बरं झालं गो, सकालपासून दाढ दुखत होती."

बुवा तीच जर्सी घालून भरदिवसा मुरबाडच्या बाजारातून घरी गेले. पालीला आता सासूबाई कोणाला हात लावू देत नाहीत. लग्नाची सुपारी फुटली आणि मामांना मध्यस्थाचा मान म्हणून टॉवेल-टोपी दिली, तेव्हा सासूबाईंनी ट्यूबलाइटलाही हळदकुंकू लावलं.

जर्सी मात्र विहीणबाईंनी धुऊन, घडी करून परत पाठवली. उलगडून बघते तर पाठ कोरी! ना अक्षरं, ना कोंबडा. मी लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या, "मोबाइलवर बघितला गो उपाय. फुकटात होतो."

मी बारकाईने सगळं विचारून घेतलं, आणि ह्यांच्यासाठी लग्नाला शिवून आणलेल्या नव्या शर्टाच्या कॉलरवर शिंप्याच्या खडूची एक बारीकशी रेघ होती, ती काढायला बसले.

रेश्माच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरीचा भाऊ क्रिकेटच्या जर्सीत उभा आहे.