पार आंबलंय

माझ्या साडूइतका माणसाला दमवणारा प्राणी अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झाला असला तर त्याच्या बायकोची थोरली बहीण माझ्या गळ्यात पडली नाही, एवढंच माझं नशीब. मी संगमनेरला मास्तर. आठवडाभर पोरांपुढे घसा फोडायचा आणि रविवारी एस.टी.त उभ्यानं हादरे खात त्याच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत जायचं, ते कशासाठी? तर त्यानं घरी केलेली आंबट बिअर चाखून मत द्यायला. बरं, जाऊ नये तर मंगळवारी पोस्टकार्ड हजर: 'भाऊसाहेब, काल आपली वाट पाहिली. आपल्याविना जांभळाची बाटली उघडली नाही.' आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

तो कारखान्यात केमिस्ट. मोठ्या दुष्काळाच्या चारेक वर्षं आधी कारखान्यानं त्याला यंत्रं बघायला सहा महिने बेल्जियमला धाडलं. लोक परदेशातून घड्याळ आणतात, ट्रान्झिस्टर आणतात. हा जिभेवर एक चव घेऊन आला. तिथल्या खेड्यात कुणी म्हातारा लाकडी पिंपात बिअर लावतो, तिला विरजण म्हणून काही घालत नाही, हवेतलं जे पडेल ते पडेल, आणि तीन वर्षं हात लावत नाही. मग ती अशी आंबते, अशी आंबते, की... इथं साडूचे डोळे मिटायचे आणि पुढचं वाक्य मी मनातल्या मनात पुरं करायचो, कारण ते मला पाठ होतं.

आल्याबरोबर त्यानं नगरच्या कँपातल्या भंगारातून एक पिंप पैदा केलं. सातू भिजवून मोड आणले, कडूपणाला काडेचिराईत घातलं आणि लावली बिअर! दारूबंदी तेव्हा ढिली होत चालली होती, परमिटवर बाटली मिळे. पण घरात पिंप घालून बसणं कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं. मास्तरकी जाईल या धास्तीनं माझा पहिला घोट कायम ठसक्यात जायचा. मोठं पिंप तीन वर्षं मुरणार, तोवर जिभेला वळण म्हणून सरबताच्या बाटल्यांतून छोटे प्रयोग चालत: जांभळाचा, करवंदाचा, बोराचा. चाखणारे आम्ही दोघं, मी आणि कारखान्यातला एक फोरमन. साडू वही उघडून विचारायचा, "ओल्या घोंगडीचा वास येतोय का? घोड्याच्या पाठीवरच्या? खरी खूण ती आहे." फोरमन गंभीरपणे हुंगून म्हणायचा, "सायेब, आमी घोडेगावचं. बाजाराच्या दिवशी असला वास फुकाट येतो की! त्याला बेल्जमला कशाला जायाचं?" साडू तेवढंच मनापासून लिहून घ्यायचा: 'घोंगडी: होय. फोरमन.'

मलाही तो सोडत नसे. "छान आहे" म्हटलं की पेन खाली ठेवायचा. "छान म्हणजे काय, भाऊसाहेब? तुम्ही मराठीचे मास्तर. शब्द द्या!" मी कुठून देणार शब्द? आंबटापलीकडे मला काही कळत नव्हतं. आणि हा शिफारशी करण्यात इतका उदार, की सोनईच्या बाजारात चिंच विकणाऱ्या बाईला या बिअरची चव शेवटी जिभेच्या कडांना कशी लागते ते सांगत बसला होता. तिनं घाबरून चार बोटुकं जास्त घातली.

या सगळ्यात हाल झाले ते माझ्या मेव्हणीचे, शालूचे. पिंपाच्या खोलीत झाडू नाही, चुना नाही, आणि जळमटांना तर हातच लावायचा नाही. कोळी माश्या खातात, माश्या बिअर नासवतात, म्हणून बेल्जियमच्या त्या म्हाताऱ्याकडे कोळी पाळतात म्हणे. दर दिवाळीला शालू केरसुणी घेऊन त्या दारात उभी राहायची. "लक्ष्मीनं काय जळमटांतून वाट काढत यायचं?" पण तीन वर्षं तिनं सोसलं. तो बिचारा सोसण्यासारखाच होता.

दुष्काळाच्या साली पिंपाला तीन वर्षं भरत आली. आतला थेंब त्यानं कुणाला, स्वतःलासुद्धा, चाखू दिला नव्हता. पुढच्या रविवारी उघडायचं ठरलं, कारखान्यातले चार लोक बोलावले. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "एकदा जमली की नाही तेवढं कळू दे. दुसरं काही नको मला." खिडकीतून ऊन येतंय म्हणून आम्ही दोघांनी ते धूड उचलून कोपऱ्यात विटांवर ठेवलं. माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. तो अंघोळीला गेला, मी कंबर धरून ओसरीत टेकलो. शालू पाणी घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काय म्हणतंय, भाऊजी?"

मला वाटलं, ती माझ्या अंगाचं विचारतेय. मी म्हणालो, "आंबलंय गं. पार आंबलंय. आता काही खरं नाही."

पुढच्या रविवारी गेलो, तर दोन दिवस नगरला गेलेला साडूही माझ्याबरोबरच दारात पोचला. बघतो तो खोली चुन्यानं पांढरीशुभ्र, पिंप घासूनपुसून उन्हात पालथं. "नासलं होतं ना," शालू म्हणाली, "भाऊजींनीच सांगितलं. चार लोकांत यांची फजिती नको, म्हणून दोडक्याच्या वेलाला घातलं. पाणी तरी कुठंय त्याला!"

साडू तसाच परसात गेला, वेलाच्या आळ्यापाशी उकिडवा बसला, मूठभर चिखल उचलून नाकाशी धरला. मी मागं चोरासारखा उभा. मग त्यानं मान वर केली.

"भाऊसाहेब, तुम्ही 'आंबलंय' म्हणालात?"

"हो."

"पार?"

"पार."

"म्हणजे चोरून चाखलीत तुम्ही!" आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. साऱ्या गावाला आंबलं म्हणजे नासलं. हा तीन वर्षं त्याच एका शब्दाची वाट बघत होता. आता माझ्या कमरेची गोष्ट त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

"एकच घोट," मी म्हणालो.

"वास?"

"ओल्या घोंगडीचा."

"आणि शेवटी?"

"जिभेच्या कडांना. चिंचेसारखी."

तो चिखलाचे हात धोतराला पुसत वही आणायला धावला.

पुन्हा त्यानं पिंप लावलं नाही. पण जन्मभर भेटला की म्हणायचा, "सांगा ना हो, कशी होती?" आणि मी सांगायचो. दर वेळी थोडी जास्त चांगली सांगायचो.

गेल्या वर्षी तो गेला. चौदाव्याला शालूनं ती वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: 'मोठे पिंप: पार आंबलंय. भाऊसाहेब.' मला राहवलं नाही. म्हटलं, "शालू, मी चाखलीच नव्हती गं. माझं अंग आंबलं होतं."

ती वहीवरून हात फिरवत राहिली.

"मी चाखली होती," ती म्हणाली. "ओतण्याआधी, वाटीभर. फार सुरेख लागली हो. पण म्हटलं, तुम्ही जाणकार. मला काय कळतंय?"