इंजिनाची जाड बाजू

आजोबांनी हाताने केलेलं शेवटचं छोटं इंजिन डाव्या बाजूने फुगल्यासारखं का दिसतं, असं तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर विचारलंत, तेव्हा मी विषय बदलला. आता ते इंजिन तुमच्याकडे पाठवायचं आहे. सोबत खरं काय ते लिहून पाठवते.

आजोबा चालवत त्या जुन्या डिझेल इंजिनाचं केबिनच्या एका बाजूचं तोंड आखूड, दुसऱ्या बाजूचं लांब. वळवायची सोय नसली की लांब तोंड पुढे ठेवूनच गाडी न्यावी लागे. मग ते आड येऊन ड्रायव्हरला फक्त आपल्या डाव्या बाजूचं दिसायचं. बाकीचं असिस्टंटने बघून मोठ्याने सांगायचं. तलमडुगूच्या शिवारात एका सकाळी पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा डोक्यावर घेतलेली बाई उजवीकडून रुळांत आली आणि इंजिनाखाली गेली. असिस्टंट तेवढ्यात मीटर बघायला वळला होता. चौकशीत दोष कोणाचाच निघाला नाही. आजोबांनी मात्र तो निकाल मानला नाही; आपण नीट बघितलं असतं तर ती दिसली असती, असंच ते धरून होते.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवराबायको मावल्याला राहायला आलो. तुमच्या बाबांनी परदेशातून जुनी, बंद पडलेली इंजिनांची मॉडेलं पाठवली. आजोबा ती ब्लेडने कापून आपल्या इंजिनासारखी करत. कंगव्याच्या दातांची पुढची जाळी, रिफिलचा भोंगा, सेफ्टी पिनांचे कठडे. खऱ्या इंजिनाचा नकाशा इंग्रजीत, मापं फूट-इंचांत. ती वाचून मॉडेलच्या प्रमाणात मिलिमीटर काढून देणं हे माझं काम. शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं.

इंजिन झालं की ते टेबलावरच्या रुळांवर लांब तोंड पुढे करून ठेवत. समोर, दोन रुळांच्या मधे, ज्वारीचा एक दाणा. मग हनुवटी टेबलाला टेकवून, एक डोळा मिटून ड्रायव्हरच्या खिडकीतून बघत बसत. दाणा कोण आहे ते मी कधी विचारलं नाही. केर काढताना मी तो उचलायची. दुपारी दुसरा तिथेच असायचा. पुढे पुढे टेबलाच्या त्या भागावरून फडकं फिरवायला माझा हात धजेना.

पहिल्या दोन मॉडेलांचं लांब तोंड मुळातच अरुंद होतं. त्यांच्या कडेने दाणा दिसला. दोन्ही वेळा ते जेवले नाहीत.

तिसऱ्याला ते म्हणाले, "आता नकाशावरून कर. माप बरोबर सांगजो, मास्तरीण."

मी डाव्या बाजूला एक मिलिमीटर वाढवून सांगितला. त्यांनी तेवढ्याच जाडीची प्लास्टिकची पट्टी चिकटवली, घासली, रंगवली. वाकून बघितलं.

"नाई दिसत," ते म्हणाले. मग त्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "आकडा पुन्यांदा सांग बरं."

मी तोच सांगितला.

"बरं."

त्यानंतर त्यांनी ब्लेड हातात घेतलं नाही. मला वाटलं, मन शांत झालं.

शेवटच्या आजारपणात एकदा मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा म्हणाले, "तुले आदीच दाना दिसला असन. मनून वाढवलं ना माप?"

मी पेजेचा पुढचा चमचा भरला.

"तीस वर्सं हात फिरवला त्याच्या अंगावरून. मले समजत नाई का?" रागावले नव्हते. मला समजावल्यासारखं बोलले, आणि भिंतीकडे वळले.

मी बघितलंच नव्हतं. खऱ्या मापात दाणा दिसेल या भीतीनेच मी खोटं सांगितलं होतं. आणि मी खोटं सांगितलं म्हणजे तो दिसतो, असं त्यांनी धरलं. हे त्यांना सांगायला हवं होतं. पण मग खरं मापही करून बघावं लागलं असतं, आणि माझा धीर झाला नाही.

काल दुपारी मी ती पट्टी ब्लेडने सोडवली. खाली रुंदी नकाशातलीच आहे, तीनदा मोजली. दाणा रुळांमधे ठेवला आणि त्यांच्यासारखी हनुवटी टेकवून बघितलं. दिसला नाही. दाणा पुढे सरकवला, मागे घेतला, चष्मा बदलला. कुठूनही दिसला नाही.

डावी बाजू खरवडलेली दिसेल. तिला रंग देऊ नका.